बारक्या पुस्तकाची बाजू

अमित म्हणे, "जाड्या पुस्तकात दुनियेभरच्या मशिनींची माहिती आहे. तुह्या बारक्यात काय आहे? एक बाई आहे अन् तिचं रडणं."

मी म्हटलं, "तुले मशीन पाहिजे तर शोरूममध्ये जा ना बे. पुस्तक कायले वाचतं?"

तसं हे दर रविवारचंच आहे. पण त्या रविवारी मी मागं हटणार नव्हती, कारण त्या बहसवर माह्या गाण्याचं ठरणार होतं.

अभिजीतदादाचं शेड तिगाव रोडवर आहे, पांढुर्ण्याच्या जरासं बाहेर. तिथं तो डीजेचे बॉक्स बनवते. प्लायवूड कापते, स्पीकर बसवते, काळा रंग मारते, अन् लग्नाच्या सीझनमध्ये तेच बॉक्स गाडीवर चढवून वाजवते. रविवारी दुपारी काम बंद राहते. मंग आम्ही चौघं त्या अर्धवट बॉक्सवर बसतो अन् भांडतो. गायत्री मॅडम सौसरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. अमितचं पांढुर्ण्यात मोबाईलचं दुकान आहे, म्हणजे त्याच्या बाबाचं, अन् तो तिथं बसून जुन्या मशिनींचे मॉडेल नंबर पाठ करते. मी रामाकोना गावची, प्रणाली. अकरावीत शाळा सोडली. कोणी काढलं नाही, एका सरसोबत वाजलं अन् मीच निघाली.

आम्हा चौघांचं जमते ते एकाच गोष्टीवर. वायरमधून, बिजलीतून निघालेला आवाज. लोकं म्हणतात डीजे म्हणजे नुसता धिंगाणा. पण हा आवाज पहिल्यांदा कोणी काढला असंल? कुठं बसून? त्याच्याजवळ काय सामान होतं? या लोकांवर पुस्तकं लिहिलेली आहेत, अन् त्यातली दोन आमच्या हाती लागली होती, दोन्ही हिंदीत आलेली. जाडं मॅडमचं. त्यात सगळे मशीनवाले आहेत, कोणी कोणतं मशीन काढलं, कोणाचं कोणी चोरलं, तारखांसकट. बारकं माह्यं. त्यात एकच बाई आहे. परदेशात रेडिओच्या ऑफिसात नोकरी करायची अन् टेप कापून-कापून, जोडून-जोडून असा आवाज काढायची की जो त्याच्या अगोदर कोणी ऐकलाच नव्हता.

आता सौसरच्या कॉलेजात पुस्तकांचा कार्यक्रम होता. मॅडमनं प्रिन्सिपलले पटवून आमच्यासाठी अर्धा तास मागून घेतला. बॉक्स अभिजीतदादाचे. पण स्टेजवर माणूस एकच जाईल, अन् एकाच पुस्तकावर बोलंल. बोलून झालं की त्यानं स्वतःचं काही वाजवून दाखवायचं.

मले तेच पाहिजे होतं. पांढुर्ण्यात संत्र्याची ग्रेडिंग मशीन राहते, तिच्यावरून संत्री घरंगळतात अन् लहान-मोठी आपापल्या खान्यात पडतात. तो आवाज मी फोनवर घेतला. त्याचा ठेका बनवला. त्याच्याखाली कापसाच्या जिनिंगमधल्या मोटारीची घरघर टाकली. महिनाभर त्याच्यावर बसली होती मी. पण फोनच्या स्पीकरवर ती घरघर ऐकूच येत नाही. ती ऐकायची तर अभिजीतदादाचे मोठे बॉक्स पाहिजे, अन् त्या बॉक्सवर पोरीले कोण हात लावू देते? लग्नात गेली मी दोनदा विचारायले. त्याचा ऑपरेटर मले म्हणे, ताई, मेंदीची लाईन तिकडं आहे.

मॅडमनंही एक डबा बनवला होता, पोरांसोबत. हात जवळ नेला की शिटी वाजवणारा. त्यांनाही तो स्टेजवर न्यायचा होता. म्हणून भांडण बराबरीचं होतं.

"माझ्या पुस्तकात मागे सूची आहे," मॅडम म्हणाल्या. "कोणतंही नाव काढा, पान सापडतं. तुझ्या लेखकाला तर तारखेचीच ॲलर्जी आहे."

"सूची पाहून कोणाले रडू आलं का मॅडम आजपर्यंत?"

"रडू आणायला कशाला पाहिजे पुस्तक? आणि मला एक सांग. ती बाई एकटी खिडकीत बसून काय विचार करत होती, हे तुझ्या लेखकाला कसं कळलं? तो पडद्यामागे उभा होता का?"

अमित खी खी करून हसला. माह्यं डोकं तापलं.

"अन् तुमच्या जाड्यात तर माणसं जेवतच नाहीत," मी म्हटलं. "जन्मले, मशीन बनवलं, मशीन विकलं, मेले. कोणाले माय नाही, कोणाले ताप येत नाही. ही काय माणसं आहेत का स्पेअर पार्ट?"

"पाचव्या भागात एकाले टायफॉईड झाला होता," अमित म्हणे.

"तुले तोच भाग आठवते. मॉडेल नंबर असंल त्याले."

अभिजीतदादा घासकागद घेऊन एका बॉक्सची कड घासत होता. तो म्हणे, "दोन्ही पुस्तकं वाचली मी. दोन्हीत बॉक्सवर एक ओळ नाही. तुमच्या या मोठ्या लोकांचा आवाज काय कानात टपकला का डायरेक्ट? पेटी कोणी बनवली, नाव तरी लिवा."

हे असं संध्याकाळपर्यंत चालते अन् काही ठरत नाही. म्हणून मीच म्हटलं, परीक्षक आणू. माह्ये मोठेबाबा.

माह्ये मोठेबाबा कवडू, बाबाचे मोठे भाऊ, म्हणजे खंजिरी भजनातलं मोठं नाव. आता वाजवत नाहीत, गावोगावच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून जातात. त्यांची एक पद्धत आहे. ते स्टेजकडं पाठ फिरवून बसतात. कोणत्या गावचं मंडळ आलं, कोणी फेटे बांधले, कोणाचं पोरगं मधोमध बसलं, काही पाहत नाहीत. फक्त ऐकतात. लोकं हसतात, फोटो काढतात, पण निकालावर कोणी बोट ठेवत नाही. असंच आपण करू, मी म्हटलं. प्रत्येकानं आपल्या पुस्तकातलं एक पान निवडायचं. ते मोठेबाबाले वाचून दाखवायचं, हिंदीतलं आपल्या बोलीत करत-करत. वरून एक शब्द टाकायचा नाही. त्यांना यातलं कोणीच माहीत नाही, मंग तरफदारी कशी होईल?

अमित म्हणे, "होईल ना. ते तुहा आवाज वळखत नाहीत का? लहानपणापासून ऐकून राहिले."

हे खरं होतं. मंग त्यानंच उपाय काढला. पानं निवडायची आपापली, पण वाचायची अदलाबदल करून. मॅडमचं पान मी वाचीन, माह्यं मॅडम वाचतील. अन् मोठेबाबाले हे सांगायचं नाही.

मी हो म्हटलं. मले वाटलं, माह्यं पान असं आहे की ते कोणीही वाचलं तरी जिंकंल.

पुढच्या रविवारी मोठेबाबाले घेऊन मी बसनं आली. धोतर, पांढरी टोपी, खिशात तंबाखूची डबी. शेडमध्ये येऊन त्यांनी अगोदर सगळे बॉक्स पाहिले. एकाले बोटानं ठोकून पाहिलं.

"यातून आवाज निघते?"

"निघते काका," अभिजीतदादा म्हणे. "घराच्या काचा हलतात."

"काचा कायले हलवता, बावा? माणूस हलला म्हणजे झालं."

मंग त्यांनी खुर्ची उचलली, आमच्याकडं पाठ केली, अन् समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसले. भिंतीवर नुसता सर्किटचा बोर्ड होता. मले बरं वाटलं. माह्ये मोठेबाबा कुठंही गेले तरी आपल्या पद्धतीनंच बसतात.

पहिलं मॅडमचं पान, म्हणजे वाचायचं मले.

खरं सांगायचं तर मी ठरवूनच आली होती. वाकडं वाचायचं नाही, शब्द खायचा नाही, बेइमानी करायची नाही. फक्त शाळेत धडा वाचतात तसं वाचायचं. सपाट. त्याच्यात कोणाले काही दोष काढता येत नाही अन् ऐकणाऱ्याले झोप लागते. शाळेत मी इतकंच शिकली होती.

तसंच सुरू केलं. एक माणूस होता. त्यानं स्वतः बनवलेलं मशीन घेऊन तो एका मोठ्या हॉलमध्ये गेला. दुपारी हॉल रिकामा होता, गार होता. त्यानं एकेक सूर मिळवून ठेवला, मंग जेवायले गेला.

इथं मी जरा थांबली. जेवायले गेला. जाड्या पुस्तकात कोणी जेवत नाही असं मी ओरडून-ओरडून सांगतलं होतं. मॅडमकडं पाहिलं तर त्या छताकडं पाहून राहिल्या होत्या.

पुढं वाचलं. संध्याकाळी लोकं आले. कोट काढले, दारं लागली. हॉल तापून राहिला. हॉल तापला तसं मशीन तापलं, अन् मशीन तापलं तसे त्याचे सूर वर सरकून राहिले. त्यानं वाजवायले बोट ठेवलं अन् दुपारी मिळवलेला सूर त्या जागी नव्हताच. त्यानं डाव्या हातानं खुंटी फिरवून सूर खाली आणला, उजव्या हातानं वाजवला. तो पुन्हा सरकला. त्यानं पुन्हा आणला. घाम डोळ्यात गेला, पण पुसायले हात कुठं होता? एक हात वाजवते, एक हात ओढते, अन् समोर सारा हॉल श्वास घेऊन-घेऊन अजून गरम होऊन राहिला.

माहा आवाज कधी चढला मले नाही माहीत. मी पान वाचत नव्हती आता, पाहत होती. माहा डावा हात पण हवेत फिरून राहिला होता. शेवटची ओळ आली. दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये छापून आलं, की वादन तर नवीन होतंच, पण वादकाचा डावा हात काय सुंदर नाचत होता.

मोठेबाबा भिंतीकडं तोंड करून हसले. खांदे हलताना दिसले मले.

"आमच्या खंजिरीचं उलटं हाय," ते भिंतीलेच म्हणाले. "तिचं कातडं गारव्यानं ढिलं पडते. मंग आम्ही भजन चालू असतानी मागं एकाले जाळाजवळ बसवतो. तो तापवून-तापवून देते. आमाले एक गरम करनारा लागते तसा या मानसाले एक पंखावाला पायजे होता. चालू द्या."

मंग मॅडम उभ्या राहिल्या अन् त्यांनी माह्यं पान वाचलं. मी शेवटचं निवडलं होतं. त्या पानावर मी दरवेळेस थांबते. बाई मेल्यावर तिच्या खोलीत टेपचे डबे सापडतात, अन् लेखक लिहिते, तिच्यासारखी कोणी झाली नाही, होणार नाही. तिचा आवाज म्हणजे जादू होती, अद्भुत होता, काळाच्या पुढं होता. दुनियेनं तिची कदर केली नाही.

मॅडमनं चांगलं वाचलं, त्यात खोट नाही. हळू, मान देऊन. जसं काही त्यांचंच पुस्तक. पण मी पहिल्यांदाच ते पान दुसऱ्याच्या तोंडून ऐकून राहिली होती, अन् तेही आपल्या बोलीत. हिंदीत ते शब्द मोठे वाटायचे. इकडं येऊन ते खाली बसले. लय भारी होती, लय मोठी होती, अशी कोणी नाही. हे तर आमच्याकडं कोणीही मेलं तरी म्हणतात.

वाचून झालं. मोठेबाबानं डबी काढली, तंबाखू मळला, मंग बोलले.

"पयलं पान. दुसऱ्या पानातली बाई मोठी असंल, पन ते काय करत होती ते मले ऐकूच नाही आलं. मोठी होती, मोठी होती, बस. पयल्या पानातल्या मानसाचा घाम माह्या डोळ्यात गेला."

अन् वळले, माह्याकडं पाहून म्हणाले, "चाल पोरी, लाग तयारीले. तुह्यं पुस्तक जितलं."

 अमित पोट धरून हसत खाली बसला.

"काका," तो म्हणे, "तुम्ही पुतनीले जितवाले गेले अन् मॅडमले जितवलं. पानं बदलून वाचली होती. प्रणालीनं वाचलं ते मॅडमचं पुस्तक आहे."

मोठेबाबानं माह्याकडं पाहिलं, मंग मॅडमकडं.

"म्हंजे मले फसवलं?"

"फसवलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही माहा आवाज वळखला तरी फरक पडू नये म्हणून केलं."

"तुहा आवाज मी वळखनार नाही? या शेडात पाय ठेवल्यापासून तूच तर बोलून राह्यली."

अमितले अजून जोर चढला. "मंग झालं ना. काकानं पुतनी समजून निकाल दिला. हा काही निकाल नाही."

"ए पोट्ट्या," मोठेबाबा म्हणाले, आवाज न चढवता. "माह्या पोराचं मंडळ हारवलं मी, बेरडी गावच्या स्पर्धेत. त्याची माय माह्यासंग चार दिवस बोलली नाही. पुतनी हाय समजलो म्हनून तर मी जास्त कडक ऐकलं. एक ओळ ढिली असती तर सोडली नसती."

"तरी पण," मॅडम म्हणाल्या. त्या सरळ बाई आहेत, त्यांचं हेच मले कधी-कधी खटकते. "कोणाचं आहे हे समजून दिलेला निकाल मला नको. प्रणाली, तू म्हणशील तर परत करू. दुसरी पानं, दुसरा परीक्षक."

सगळे माह्याकडं पाहून राहिले. एक शब्द बोलली असती तर सगळं पुन्हा पहिल्या जागी आलं असतं. माह्या संत्र्याच्या गाण्याले पुन्हा जागा होती. अन् मले राग तर आलाच होता, तोंडात शब्दही तयार होता. पण तो राग मोठेबाबावर नव्हता. त्या शेवटच्या पानावर होता, अन् ते निवडणाऱ्या माह्यावर.

"परत कायले?" मी म्हटलं. "निकाल बराबर आहे. ते पान वाचून माह्याच अंगाले घाम आला. मी वाचलं, मले माहीत नाही का?"

अमित खालून उठून बॉक्सवर बसला.

"पण मी पान चुकली," मी म्हटलं, "पुस्तक नाही चुकली. हे स्पर्धेत धरू नका. फक्त ऐका."

मॅडमच्या हातून माह्यं पुस्तक घेतलं अन् मधलं पान उघडलं. बाईनं घरून गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण ऑफिसात आणलं. दोरीनं टांगलं. लाकडी पळीनं ठोकलं अन् टेपवर घेतलं. मंग टेप टेबलावर पसरली अन् ब्लेड घेतलं. ठोक्याचा तुकडा कापून फेकून दिला. ठोक्याच्या मागं जी गुणगुण राहते तेवढीच ठेवली. आता ऐकणाऱ्याले कळत नव्हतं की हे झाकण आहे. आवाज होता, पण तो कशावर ठोकून निघाला ते कुठंच नव्हतं. साहेब आले, म्हणाले हे कोणतं वाद्य? बाई म्हणाली, काल याच्याखाली बटाटे शिजले.

वाचताना मी वर पाहिलं. मोठेबाबानं खुर्ची फिरवून घेतली होती. माह्याकडं तोंड करून बसले होते. असं ते परीक्षक असताना कधीच बसत नाहीत.

"हे पान काऊन नाही दिलं?" ते म्हणाले.

"मले वाटलं ते मोठं आहे. शेवटचं."

"शेवटी सगळेच मोठे होतात, पोरी. बटाटे कोनी शिजवले ते सांगाव."

"मी पण तसं करून पाहिलं होतं," मी म्हटलं. "मायच्या गंजावर. माय अजून विचारते गंजाले पोचा कसा आला."

अभिजीतदादा हसला. मॅडम नाही हसल्या. त्या माह्या पुस्तकाचं ते पान परत स्वतः वाचून राहिल्या होत्या, ओठ हलवत.

"हे मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "घाईत वाचलं असणार." मंग माह्याकडं पाहिलं. "स्टेजवर पुस्तक माझं. ठरलं ते ठरलं. पण ते गरम हॉलचं पान मला तुझ्यासारखं वाचता येणार नाही. मी पुस्तकावर बोलेन, पान तू वाच. स्टेजवर दोघी जाऊ, प्रिन्सिपलला मी पटवते."

"उपकार करून राहिल्या का मॅडम?"

"उपकार कसले? मी वाचलं तर पोरं उठून जातील. मी रोज पाहते वर्गात."

मी जरा वेळ विचार केल्यासारखं केलं. खरं तर ठरलंच होतं माह्यं.

"वाचीन. पण जाड्यात जेवणारा माणूस एकच आहे, अन् तो आम्ही शोधून काढला, हे मी स्टेजवर सांगीन."

"सांग. पाचव्या भागातला टायफॉईडही सांग."

"अन् पान वाचून झालं की अगोदर माह्यं वाजंल. तुमचा डबा त्याच्या नंतर."

"आधी का?"

"तुमचा डबा तापला की सूर सोडते. मागच्या रविवारी तुम्ही इथं वाजवला तेव्हा पाहिलं मी. तो वर सरकून राहिला होता अन् तुम्ही हळूच हात मागं घेत होत्या. लोकं ते पान ऐकून बसले असतील. ते तुमच्या हाताकडंच पाहतील. शेवटी ठेवा, त्यांना मजा येईल."

मॅडमनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, अन् मंग त्या हसल्या. असं हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

"तुला कॉलेजात कोणी का नाही आणलं?" त्या म्हणाल्या.

"आणून राहिल्या ना आता. अर्ध्या तासासाठी."

अभिजीतदादानं घासकागद खाली ठेवला. भिंतीजवळचे दोन मोठे बॉक्स होते, परवाच रंगवलेले, त्यांना वायर लावली अन् वायरीचं टोक माह्या समोर धरलं.

"रंग ओला आहे," तो म्हणे. "हात नको लावजो. वाजव."

मी फोन जोडला. पहिले संत्री आली. घरंगळत, टपटप, आपापल्या खान्यात. फोनवर ऐकली होती तशीच. मंग खालून जिनिंगची मोटार आली, अन् शेडचे टीन हलले. सर्किटचा बोर्ड हलला. माह्या छातीत काहीतरी सरकून जागेवर बसलं. एवढी मोठी घरघर मी बनवली होती अन् महिनाभर ती फोनमध्ये चिडीचूप बसली होती. अमित उठून बॉक्सजवळ गेला, वाकून पाहिलं, जसं काही आत कोणी आहे. मॉडेल नंबर नाही विचारला त्यानं.

मोठेबाबानं डोळे मिटले होते. बोट मांडीवर ठेका धरून राहिलं होतं. पूर्ण ऐकलं त्यांनी, मंग एक डोळा उघडून म्हणाले, "ठेका बराबर हाय. पन खालचा आवाज जरासा कमी कर, बाई. संत्री पिचकून राह्यली."

मी कमी केला. जरासाच.